आखडलेला स्नायू: ताणायचा केव्हा, ताकद द्यायची केव्हा

उभ्याने वाकले की माझे दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतात. लहानपणी सात वर्षं भरतनाट्यम केलं, त्याची ही शिदोरी. तरीसुद्धा २०१७ ते २०२१ अशी चार वर्षं माझ्या उजव्या मांडीची मागची बाजू रोज आखडलेली असायची. सकाळी उठले की ओढणी तळव्यात अडकवायची, पाय वर ओढायचा आणि तीसपर्यंत आकडे मोजायचे. असं तीनदा. बरं वाटायचं. दवाखान्यात पोहोचून चार पेशंट होईपर्यंत मांडी पुन्हा होती तशीच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कराडला दोन खोल्यांचा दवाखाना चालवते, आणि समोर बसलेल्या माणसालाही तेव्हा हेच सांगत होते: आखडलंय ना, मग ताणा.

एका दुपारी पेशंट नव्हते. मी खाटेवर उताणी झोपले आणि माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीला म्हटलं, माझा पाय उचल. गुडघा सरळ ठेवून तिने तो नव्वद अंशांच्याही पुढे नेला. जो स्नायू एवढा लांब होतो त्याला आखूड कसं म्हणायचं? मग मी पालथी झाले. गुडघा वाकवून धरला आणि तिला टाच खाली दाबायला सांगितली. डावा पाय तिला जागचा हलवता आला नाही. उजवा तिने एका हाताने खाली आणला, आणि मांडीच्या मागे आता वांब येणार असं वाटलं. चार वर्षं मी एका कमजोर स्नायूला ओढत बसले होते.

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. दवाखान्यात जी करते तीच इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला घरी चटईवर करून बघता येईल.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

आपल्या भाषेत या दुखण्यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि पेशंटने त्यातला कोणता वापरला यावरून मला निम्मं कळतं. पोटरीत वांब आला म्हणजे स्नायू अचानक गोळा होऊन घट्ट झाला. तिथे ताणणं हाच उपाय. गुडघा सरळ करा, पायाची बोटं स्वतःकडे ओढा, अर्ध्या मिनिटात गोळा सुटतो. कंबरेत उसण भरली असेल तर जोर लावून वाकायचं नाही. उताणे झोपून गुडघे हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचे, थोडं चालायचं. एसटीत तीन तास बसून अंग अवघडलं असेल तर उठून हालचाल केली की झालं, त्याला व्यायामाचा कार्यक्रम लागत नाही.

अंग आंबणं हे आणखी वेगळं. लग्नात पंगती वाढल्या, किंवा पहिल्यांदाच सज्जनगड चढून आलात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ही वेदना २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते आणि मग आपोआप ओसरते. यावर ताणण्याचा उपयोग होतो असं आम्हालाही शिकवलं होतं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०११ सालच्या आढाव्यात बारा अभ्यास एकत्र तपासले गेले. व्यायामाआधी ताणा की नंतर, आंबलेलं अंग त्याने जवळजवळ कमी होत नाही, असं त्यातून दिसलं.

उरतं ते रोजचं आखडणं. तीच मान, तीच मांडी, तीच पोटरी. ताणलं की तासभर सुटते, पुन्हा धरते. हा सगळा लेख त्याच्यासाठी आहे.

आखडल्याची जाणीव आणि खरी लांबी

आखडल्यासारखं वाटणं ही मेंदूने दिलेली जाणीव आहे, स्नायूचं माप नव्हे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात ताशा स्टँटन आणि सहकाऱ्यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांच्या पाठीचा ताठपणा यंत्राने मोजला. ज्यांना पाठ फार ताठ वाटत होती त्यांची पाठ यंत्रावर त्या प्रमाणात ताठ निघाली नाही. शरीर त्या भागाला सांभाळायला बघतं आणि ती राखण आपल्याला ताठपणा म्हणून जाणवते, असा त्यांनी अर्थ लावला. माझ्या मांडीचं हेच झालं होतं. मागचा स्नायू दिवसभराच्या उभं राहण्याला, वाकण्याला, पेशंटचे पाय उचलण्याला पुरा पडत नव्हता. तो थकायचा, आणि मला आखडल्यासारखं वाटायचं.

मग ताणल्यावर बरं का वाटतं? काही आठवडे रोज ताणलं की हात जास्त खाली जातो हे खरं आहे. पण त्यात स्नायू लांब होण्यापेक्षा ताण सहन करण्याची आपली तयारी वाढण्याचा भाग मोठा असतो. वेपलर आणि मॅग्नुसन या संशोधकांनी २०१० साली हे नीट मांडलं. त्यात वाईट काहीच नाही, सुटल्यासारखं वाटतं ते खोटं नसतं. पण मूळ अडचण ताकदीची असेल तर ती तशीच राहते.

घरच्या घरी तपासणी

मांडीपासून सुरुवात करू. चटईवर उताणे झोपा आणि घरातल्या कुणाला तरी एक पाय गुडघा सरळ ठेवून हळूहळू उचलायला सांगा. ७०-८० अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्या जरा अलीकडे, पाय गेला तर रोजच्या कामाला लांबी पुरेशी आहे. आता एक लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची नको, ती सरकते. उताणे झोपून एक टाच खुर्चीवर ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत. टाच दाबून कंबर उचला आणि खाली आणा. किती वेळा जमतं ते मोजा, मग दुसऱ्या पायाने करा. डाव्या पायाने मी अठरा वेळा केलं होतं आणि उजव्याने सहा वेळा. आखडलेल्या मांडीची तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये असा फरक मला वरचेवर दिसतो, आणि जी बाजू आखडलेली वाटते ती बहुतेक वेळा कमी आकड्याची निघते.

पोटरीसाठी भिंतीकडे तोंड करून उभे राहा. टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवा, आणि पाय मागे मागे नेत टाच न उचलता गुडघा कुठपर्यंत टेकतो ते बघा. अंगठा आणि भिंत यांत साधारण ८ ते १० सेंटीमीटर अंतर राहिलं तर घोट्याची हालचाल ठीक आहे. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर चवड्यावर चढा, पूर्ण वर, हळू खाली. तरुण निरोगी माणसाने वीस-पंचवीस वेळा करावं, साठीच्या पुढे थोडं कमी चालतं. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या, पोटऱ्या दगडासारख्या लागणाऱ्या लोकांना इथे दहाच्या आत थांबताना मी पाहिलंय.

तिसरी तपासणी शिरेची, म्हणजे मज्जातंतूची. टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसा, पाठीला पोक काढा, हनुवटी छातीला लावा. आता एक गुडघा हळूहळू सरळ करा. मांडीमागे ताण आला की पाय तिथेच थांबवा आणि फक्त मान वर करा. मान वर करताच ताण कमी झाला तर तो मांडीच्या स्नायूचा नव्हता, कारण मानेने मांडीचा स्नायू लांब-आखूड होत नाही. तो पाठीतून पायात उतरणाऱ्या मज्जातंतूचा होता. अशा माणसाने पाय ओढून ताणला तर दुखणं चिडतं. त्यांनी घरी काही न करता फिजिओथेरपिस्टकडे जावं.

आणि काही गोष्टींत तपासणी करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा: एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं, पायात बधिरपणा किंवा पाऊल उचलता न येणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पडल्यानंतरचं दुखणं, झोपेतून उठवणारी आणि कुस बदलूनही न थांबणारी वेदना, सोबत ताप किंवा वजन घटणं.

लांबी पुरेशी, ताकद कमी: वजन उचला

बहुतेक लोक या गटात येतात आणि बहुतेक लोकांना हेच ऐकायचं नसतं. "ताकदीचा व्यायाम केला तर अजून आखडेल ना मॅडम?" हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी येतो. मी त्यांना गोळेश्वरची आठवण देते. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव तिथले, आमच्या कराडच्या अगदी जवळचे. या भागात तालमीत घडलेली माणसं माझ्याकडे म्हातारपणी गुडघ्यासाठी येतात, पण सत्तरीतही उकिडवी बसतात आणि हात न टेकता उठतात. जन्मभर त्यांनी बैठका मारल्या त्या पार खालपर्यंत जाऊन. वजन पेलत स्नायू पूर्ण लांबीपर्यंत नेला की ताकद आणि लवचिकता दोन्ही येतात. २०२१ साली अकरा अभ्यास एकत्र करून ताकदीचे व्यायाम आणि ताणण्याचे व्यायाम यांची तुलना झाली. सांध्याची हालचाल वाढवण्यात दोन्हींत फरक आढळला नाही. म्हणजे ताकदीच्या व्यायामाने लवचिकता जात नाही, उलट मिळते. अट एवढीच की हालचाल पूर्ण हवी, अर्धीमुर्धी नको.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी मी जो व्यायाम सर्वांत आधी देते त्याला जिमची गरज नाही. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला की ५ किलो होतो. भिंतीकडे पाठ करून वीत-दीड वीत पुढे उभे राहा, कॅन दोन्ही हातांत मांड्यांसमोर धरा, गुडघे जरासे सैल. आता खाली वाकायचा विचार करू नका, पार्श्वभाग मागे भिंतीला टेकवायला जा. धड आपोआप पुढे झुकेल, कॅन मांड्यांना घासत गुडघ्यांखाली जाईल, पाठ सपाट राहील. मांडीमागे चांगला ताण आला की थांबा आणि वर या. खाली जाताना तीन आकडे मोजा. ही तीन आकड्यांची उतरण महत्त्वाची आहे, कारण तेव्हा स्नायू लांब होता होता वजन पेलतो. दहा वेळा, मग दीड मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार. पाठ गोल होत असेल तर कमी खाली जा. तीन फेऱ्या सहज व्हायला लागल्या की दोन्ही हातांत एकेक कॅन घ्या. दहा वेळा सहज जमतंय आणि तरी महिनोन् महिने एकाच कॅनवर राहणं ही मला दिसणारी सर्वांत नेहमीची चूक आहे. मी स्वतः एका कॅनपासून सुरू करून दहाव्या आठवड्यात २० किलोपर्यंत गेले. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला लक्षात आलं की ओढणी कपाटात घडी करून पडली आहे.

तपासणीत सांगितलेली खुर्चीवरची कंबर उचलणी हाही व्यायामच आहे. जितक्यांदा जमलं होतं त्याच्या निम्म्याने सुरू करा, कमजोर बाजूने आधी.

पोटरीसाठी जिन्याची सर्वांत खालची पायरी आणि कठडा. चवडे पायरीवर, टाचा बाहेर. दोन्ही पायांवर वर चढा, एक पाय उचलून घ्या, दुसऱ्यावर तीन आकडे मोजत टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरा. आठपासून सुरू करून पंधरापर्यंत न्या. पोटरीत दोन स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्याही वरून निघतो, म्हणून तो गुडघा सरळ ठेवल्यावर काम करतो. आतला गुडघ्याखालून निघतो, त्याच्यासाठी गुडघा वाकवून तीच हालचाल करायची. चालणाऱ्या आणि धावणाऱ्या लोकांचा आतला स्नायूच बहुतेक वेळा मागे पडलेला असतो, म्हणून दोन्ही करा. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवर करा.

आता मान आणि खांदे. मलकापूरच्या एक ताई ब्लाउज शिवतात, सणासुदीत दिवसाला दहा तास मशीनवर. मान धरली की डोकं एका बाजूला ओढून धरायची त्यांची सवय होती, तासातून तीन-चार वेळा. त्यांची मान दोन्हीकडे पूर्ण वळत होती. पण अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत धरून हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायला सांगितलं, तर आठव्या वेळेला खांदे कानाला लागायला लागले. दहा तास हात पुढे धरून काम करणाऱ्या बाईच्या खांद्यांत पाव तासाची ताकद होती.

त्यांना मी डेन्मार्कमधला एक अभ्यास समजावून सांगितला, कारण त्याचं माप त्यांच्या दिवसात बसण्यासारखं होतं. २०११ सालच्या त्या अभ्यासात मान-खांदे वरचेवर दुखणारे १९८ कार्यालयीन कर्मचारी होते. काहींनी रबरी नळीने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम रोज २ मिनिटं केला, काहींनी १२ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं, आणि २ मिनिटंवाले फारसे मागे राहिले नाहीत. ताईंना वेळ नाही ही सबब उरली नाही. रबरी पट्टा पायाखाली दाबायचा, दोन टोकं हातात, हात सरळ बाजूला नाही तर थोडे पुढे ठेवून खांद्यापर्यंत उचलायचे, खांदे कानाकडे न नेता. थकेपर्यंत, पण दोन मिनिटांच्या आत. त्या दुपारच्या चहाआधी करतात. पट्टा नसेल तर बाटल्या चालतात. सोबत पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपरं मागे ओढायची, बारा-बारा वेळा.

पहिले दहा दिवस

बरेच जण इथेच सोडतात, म्हणून वेगळं लिहिते. पहिल्या दिवसानंतर अंग आंबणार, आणि आंबलेली मांडी आखडलेल्या मांडीसारखीच वाटते. माणूस म्हणतो, बघा, वाढलं. नाही वाढलं. म्हणून पहिला आठवडा तीनऐवजी एकच फेरी करा. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं नाही तर पुढच्या वेळी वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. टोचल्यासारखी, नेमक्या एका बिंदूवरची कळ आली तर मात्र थांबा.

ताणायचं केव्हा

लांबी खरोखरच कमी असते अशी माणसं आहेत. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला घोटा. गोठलेला खांदा, जिथे सांध्याभोवतीचं आवरणच आकसतं. पक्षाघातानंतर ताठरलेला हात. वर्षानुवर्षं उंच टाचांची चप्पल घातलेल्या पोटऱ्या. भिंतीच्या तपासणीत अंतर ५ सेंटीमीटरच्या आत आलं, किंवा एका पायाचं दुसऱ्यापेक्षा बरंच कमी आलं, तर ताणणं हवंच, ताकदीच्या जोडीला. गोठलेला खांदा आणि पक्षाघात यांत स्वतःहून प्रयोग करू नका.

पद्धत साधी आहे. आधी पाच मिनिटं चाला किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवा. ताण जाणवेल पण चेहरा आक्रसणार नाही इतकंच खेचा, ३० सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, हिसके देऊ नका. एका स्नायूला दोन ते चार वेळा. आठवड्यातून पाच दिवस केलं तर फरक दिसतो, रविवारी अर्धा तास एकदम करून दिसत नाही. रात्री पोटरीत वांब येणाऱ्यांनी झोपण्याआधी पोटऱ्या ताणून बघाव्या, माझ्या कित्येक पेशंटना त्याने उतार पडला आहे.

धावण्याआधी किंवा कबड्डीच्या सामन्याआधी मात्र एकेक स्नायू मिनिटाच्या वर ताणून धरू नका, त्याने काही काळ ताकद थोडी उतरते. त्याऐवजी पाय पुढे-मागे झुलवा, हलक्या बैठका मारा, हळू पळा. आणि बैठ्या कामात नुसतं बरं वाटावं म्हणून मान किंवा पाठ ताणावीशी वाटली तर खुशाल ताणा. मलकापूरच्या ताई अजूनही ताणतात, फक्त त्यावर विसंबून राहत नाहीत.

आठ आठवड्यांनी

सुरुवातीचे आकडे वहीत लिहून ठेवा: खुर्चीवर डावा किती, उजवा किती, चवड्यावर किती, भिंतीपासून अंतर किती. आठ आठवड्यांनी तेच पुन्हा मोजा. आकडे वाढले आणि आखडणं कमी झालं तर आठवड्यातून दोन दिवसांवर आणून तेच चालू ठेवा. आकडेच वाढले नसतील तर वजन कमी घेतलंय किंवा दिवस चुकलेत, वहीतच दिसेल.

आकडे छान वाढले आणि आखडणं तसूभरही हललं नाही, असंही होतं. मग कारण स्नायूबाहेर शोधायचं. मी आधी झोप विचारते, मग घरातला ताण विचारते, कारण कमी झोपलेल्या, काळजीत असलेल्या शरीराला तोच स्नायू जास्त घट्ट जाणवतो. त्यानंतर गोळ्या विचारते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधांनी काही जणांचे स्नायू दुखतात. थायरॉइड कमी असणं आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही अंग जड आणि ताठ वाटतं. ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटं आणि ती वही, दोन्ही पिशवीत टाकून न्या.